सात नंबर गोडाउनमधला बल्ब

वळ, ता. भिवंडी
१२ जानेवारी २००४

रुचिकाताई,

नमस्कार वगैरे सगळं शेवटी. आधी पोटात आहे ते ओतू द्या. फोनवर हे बोलता येत नाही. आपला फोन पुढच्या खोलीत आणि पुढच्या खोलीत तुमचे भाऊ बसलेले. उठतात कुठे? सकाळचा चहा तिथेच, पेपर तिथेच, गोडाउनचे भाडेकरू आले तर त्यांच्याशी बोलणंही तिथेच, तेसुद्धा त्यांच्याकडे न बघता. समोर ती सहा फुटी काचेची पेटी.

तुम्ही मे महिन्यात माहेरी आला होतात तेव्हा तिच्यात चार मासे होते. आता कोरल आलंय. मुंबईचा एक माणूस आणून देतो. मुठीएवढा दगड आणि त्याला बोटांसारखे फाटे. हे म्हणतात तो जिवंत आहे, वाढतो. आक्कांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "आगो बाय, दगूड वाढतंय? मंग आपला उंबरा कसा न्हाय वाढला इतकी वरसं?" मी हसले तर हे माझ्यावर ओरडले. आईवर ओरडता येत नाही ना.

ताई, ती खोली मला द्यायची ठरलं होतं. तुमच्यासमोरच बोलणं झालं होतं. मी भिवंडीत जाऊन पार्लरचा कोर्स केला तो काय स्वतःच्या भुवया करायला? खोलीचं दार रस्त्याला आहे. गोडाउनं झाल्यापासून वळात बाहेरच्या किती बायका राहायला आल्या, सगळ्या थ्रेडिंगला अंजूरफाट्याला जातात. मी खुर्ची पसंत करून ठेवली, आरसा पसंत करून ठेवला. आणि आली काय, तर ही पेटी.

बरं, खोली गेली तर गेली, माणूस तरी राहावा! जेवताना मान तिकडे. लाइट गेली की जनरेटरवर आधी पेटीचा पंप, मग माझा पंखा. संक्रांतीसाठी आणलेली काळी साडी नेसून बघितली आणि यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, "जरा बाजूला हो, काचेवर सावली पडतेय." सवत बाईमाणूस असती तर झिंज्या उपटल्या असत्या. दगडाचं काय उपटू?

आता मुद्दा. हे तुमच्याकडून बल्ब मागवणार आहेत. भावोजी शारजाला माशांच्याच दुकानात, म्हणजे घरचंच काम. दहा हजारवाला पाहिजे म्हणतात. तो आकडा कसला ते मला कळत नाही, पण येईल त्याला हे सांगतात की कोरलचं खाणं म्हणजे उजेड, बल्ब चुकला की वाढ खुंटते. हो का? मग ताई, तुमच्या पाया पडते, चुकलेला बल्ब पाठवा. मारू नका, मला कुणाचा जीव घ्यायचा नाही. फक्त वाढू देऊ नका. वाढलं नाही की हे कंटाळतील. क्रिकेटच्या टीमला कंटाळले, बुलेटला कंटाळले, तसे यालाही कंटाळतील. पेटी विकतील आणि माझी खोली मोकळी होईल.

वाचून फाडून टाका. आता नमस्कार.

करिष्मा

---

शारजा
४ फेब्रुवारी २००४

करिष्मा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि फाडलं. आशीर्वाद देऊ की कान धरू ते ठरत नाही, म्हणून सध्या दोन्ही राहू दे.

आकड्याचं ऐक. दुकानात गिऱ्हाइकांना सांगून सांगून मलाही पाठ झालंय. बल्बवरचा आकडा म्हणजे उजेडाचा रंग. आकडा लहान तितका उजेड पिवळट, आपल्या उन्हासारखा. आकडा मोठा तितका तो निळा. दहा हजारवाला मधला, पांढरा. त्यात कोरल वाढतं आणि रंगही बरा दिसतो. वीस हजारवाला निळाशार. त्याखाली कोरल असं चमकतं की गिऱ्हाईक दारातच उभं राहतं. पण वाढ नावाला. ताटाभोवती रांगोळी आणि ताटात दोन घास भात, असं समज. मरत नाही, वाढत नाही. तू मागितलंस ते हेच.

मितेशचा फोन आला होता. "ताई, दहा हजारवाले दोन पाहिजेत, अडीचशे वॉटचे, मोठ्या आट्याचे." एवढं बोलून ठेवला. कशी आहेस नाही, पोरं कशी आहेत नाही. राखीनंतरचा हा पहिला फोन. लहानपणी आम्ही खाडीवर निवट्या, ते चिखलातले मासे, धरायला जायचो, तेव्हा चिखलात पाय रुतला की ताई ताई करून गाव गोळा करायचा. आता ताई कशाला लागते, तर बल्बला. तेव्हा तुझ्या पोटात काय दुखतं ते मला कळत नाही असं समजू नकोस.

वीस हजारवाले पाठवते. खारबावचा प्रितम सुट्टीवर येतोय, त्याच्या बॅगेत देईन. मितेशला सांगेन, दहावाले संपले होते. तुझ्या भावोजींना, केसरीनाथना, मी यातलं काही बोललेले नाही. ते दुकानदार, मुद्दाम चुकीचा बल्ब पाठवला हे कळलं तर त्यांना झोप लागायची नाही. आणि बल्बच्या काचेला उघडा हात लावू देऊ नकोस, हाताचं तेल लागलं की तापल्यावर तडकतो.

आक्काच्या डोळ्यांना जप.

रुचिका

---

वळ
१६ मार्च २००४

ताई,

हे काय करून ठेवलंत तुम्ही!

प्रितमनं बल्ब आणून दिले, यांनी लावले आणि पेटीत दिवाळी झाली. ते मेलं कोरल हिरवं काय, जांभळं काय, नवरीसारखं चमकायला लागलं. आधी हे एकटे बसायचे, आता अर्धं वळ येऊन बसतं. दापोड्याहूनही माणसं येतात. चपला दारात मावत नाहीत. चहा कोण करतं? मीच.

आणि त्या उजेडात मी कशी दिसते माहीत आहे? तोंड निळं, ओठ काळे, दात पांढरेफटक. आक्का म्हणाल्या, "तू चाय ठेव आन् भाईर ये बाय, पाव्हनं घाबरतील." काल हे कौतुकानं म्हणाले, "काय रूप आहे!" मी ट्रे घेऊन शेजारीच उभी. बघत होते कोरलकडे. लग्नाला आठ वर्षं झाली, माझ्याबद्दल हा शब्द यांच्या तोंडून कधी निघाला नाही.

मला एक खरं सांगा. तुम्ही हा देखणा बल्ब मुद्दाम तर नाही पाठवलात, भावाला खूश करायला? माझ्याशी गोड बोलून त्यांचं काम करायचं, असं तर नाही ना? शेवटी रक्ताचं नातं ते रक्ताचं नातं. मी पडले परक्या घरची.

खारबावला आईकडे जावं वाटतंय. पण गेले तर यांना चार दिवस कळणारही नाही, म्हणून जात नाही.

करिष्मा

---

शारजा
७ एप्रिल २००४

करिष्मा,

किती तोंड सोडशील? चमकतं म्हणजे वाढतं असं नाही, हे मी आधीच लिहिलं होतं. तू सांगितलंस ते मी केलं. आता धीर धर.

आणि काम होतंय. मितेशचा फोन आला होता, चांगला चाळीस मिनिटं बोलत होता. फाट्याला दोरा गुंडाळून मापतो म्हणे, दोन महिने होत आले तरी माप तेवढंच. पाणी तपासलं, मीठ तपासलं, काही कळत नाही म्हणाला. मी म्हटलं, "दहावाले आले की बघू." मग सहज विचारतो, "ताई, तुझा गुडघा कसा आहे गं?" करिष्मा, मला रडूच आलं. गुडघा दुखतो हे त्याच्या लक्षात होतं! मग खाडीच्या गोष्टी निघाल्या, बाबांच्या निघाल्या. इथे आमचं घर म्हणजे एक खोली, खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मला वळातला वारा लागत होता.

इथे शुक्रवारी सुट्टी असते, म्हणून दर शुक्रवारी फोन करीन म्हणालाय. तेव्हा तूही थोडी कळ काढ. असल्या गोष्टींना वेळ लागतो.

रुचिका

---

वळ
२ मे २००४

ताई,

कळ काढू? किती काढू?

दर शुक्रवारी तेच. मी ताट वाढून बसते आणि हे फोनवर. "हो ताई. बरोबर ताई. नाही गं ताई." माझ्याशी बोलताना यांना एकच अक्षर येतं, "हं". तुम्ही तिकडून हसवलंत की यांचं हसणं मला इकडे स्वयंपाकघरात ऐकू येतं. परवा यांनी तुम्हाला सांगितलं की आपल्या आंब्याला यंदा फळ कमी. आंबा माझ्या खिडकीबाहेर आहे! मला कधी बोलले नाहीत.

आणि कंटाळा? कंटाळा कुणाला आलाय? अंगी न लागणाऱ्या पोराला जपावं तसे हे त्याला जास्तच जपायला लागलेत. तुमचं "दहावाले आले की बघू" चालूच. फेब्रुवारीपासून तुमच्या शारजात दहावाले येत नाहीत? एवढं मोठं शहर ते!

मला आता समजलं. ते कोरल वाढलं तर यांना फोन करायला कारण उरत नाही. मेलं तरी उरत नाही. म्हणून तुम्हाला ते असंच अर्धमेलं बरं. बोलले मी. राग आला तर येऊ दे.

यापुढे तुम्ही बाजूला व्हा. माझं मी बघते.

करिष्मा

---

शारजा
२४ मे २००४

करिष्मा,

"बाजूला व्हा" कुणाला म्हणतेस? तू वळात पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून तो माझा भाऊ आहे. मी त्याला कडेवर घेऊन फिरलेय. आठवड्यातला एक तास मला मिळाला तर तुझं एवढं काय जळतं? बाकीचे सगळे तास तुझ्याच घरात असतात ना तो? त्यांचं काय करायचं ते तुला येत नसेल तर त्यात माझा दोष नाही.

रागाच्या भरात काही उलटसुलट करू नकोस.

रुचिका

---

वळ
१० जुलै २००४

ताई,

केलं. उलटही केलं आणि सुलटही केलं. सांगितल्याशिवाय राहवत नाही आणि सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही, काय करू?

हे मित्रांबरोबर शिर्डीला गेले होते. आपल्या गोडाउनांच्या लाइटचं कंत्राट मिथुनकडे आहे, तुम्ही ओळखता, भिवंडीत त्याचं दुकान आहे. तो सात नंबर गोडाउनच्या छताचे बल्ब बदलायला आला होता. मी त्याच्या हातात बघितलं तर तसलाच मोठा बल्ब! विचारलं, तर अडीचशे वॉट, आटे तेच, चोकही तोच चालेल म्हणाला. मग काय, दोन नवे मागून घेतले आणि त्यालाच लावायला सांगितले. मिथुन म्हणाला, "वहिनी, हे ट्रक खाली करायला लावतात. हॉलमध्ये शोभणार नाही." म्हटलं, "शोभाच नकोय मला."

लावला आणि काय सांगू! झगझगीत पांढरा, वर पिवळी झाक. कोरलचं सगळं हिरवं-जांभळं एका मिनिटात उतरलं. राहिलं काय, तर उकडलेल्या सुरणाचा तुकडा. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःसाठी वेगळा चहा केला.

हे आले, दारातच थांबले. "हे काय?" मी म्हटलं, "ताईंनी पाठवलेत. प्रितमच्या घरचं माणूस देऊन गेलं. निळे काढा आणि हेच ठेवा असा निरोप आहे." तुमचं नाव घेतलं, रागावू नका. तुमच्या नावापुढे हे काही बोलत नाहीत म्हणून घेतलं. आणि बघा, नाहीच बोलले.

एकच घोटाळा झाला. आक्का दुपारी त्याच खोलीत आडव्या होतात. पहिल्याच दिवशी ओरडायला लागल्या, "आगो, डोलं फुटतील माझं! ह्यो उजेड हाय का आग?" त्यांच्यासाठी मी शेजारच्या पॉवरलूममधून दवाखान्याच्या पट्टीचं जाळीचं कापड आणलं आणि चौपदरी करून पेटीच्या तोंडावर ताणलं. खाऱ्या पाण्यानं ते कडक होतं, धुतलं की एखादा पदर फाटतो, तो टाकून देते. आता दोनच पदर राहिलेत आणि आक्कांना उजेडाची सवयही झाली.

पाहुणे बंद. चपला बंद. आणि खरी बातमी ही की फाट्यांची टोकं पांढरी पडायला लागलीत. सगळ्याच फाट्यांची. रंग उडतोय, म्हणजे शेवटच आला असणार. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण आरसेवाल्याला निरोप धाडलाय.

करिष्मा

---

शारजा
१ ऑगस्ट २००४

करिष्मा,

गोडाउनचा बल्ब! वाचून मी कपाळाला हात लावला. आणि वर माझं नाव! शुक्रवारी मितेश फोनवर म्हणाला, "ताई, बल्बबद्दल थँक्यू." मला आधी कळेचना कसला बल्ब. तुझं पत्र तोवर आलं नव्हतं. काय बोलणार? "असू दे रे" म्हटलं.

पांढऱ्या टोकांचं त्यानेही सांगितलं. दुकानात मी अशी टोकं खूप बघितलीत. त्यावर तुला मी आत्ता काही सांगत नाही. तूच मला बाजूला हो म्हणालीस, मी बाजूला उभी आहे. एवढंच सांगते, आरसेवाल्याला घाई करू नकोस.

आक्काला डोळ्यांत घालायचं औषध पाठवतेय.

रुचिका

---

वळ
३ ऑक्टोबर २००४

ताई,

तुम्हाला माहीत होतं! पांढरं टोक म्हणजे मरण नव्हे, पांढरं टोक म्हणजे वाढ! नवीन कोंब पांढराच येतो, रंग मागून भरतो. हे आता मला कुणी सांगितलं? यांनी? छे. मुंबईचा माणूस आला होता, त्याला हे सांगत होते, मी दाराआडून ऐकलं. तुम्ही शारजात बसून हसत असाल.

वाढलंय, ताई. मुठीएवढं होतं, आता ओंजळभर झालंय. फाट्याला फाटे फुटलेत. मुंबईवाला म्हणाला, "शेठ, रंगाचं जाऊ द्या, पण अशी वाढ मी कुणाकडे बघितली नाही." आणि हे काय म्हणाले ठाऊक आहे? "आमच्या ताईचा बल्ब आहे. ताईला बरोबर कळलं. माझी बहीण म्हणजे बहीण."

ताईचा? ताईनं काय केलं? ताईनं निळा पाठवला! बल्ब मी आणला. शिडी मी धरली. कापड मी ताणलं, मी धुतलं, मिठानं माझ्या बोटांना भेगा पडल्या. आणि गणपतीत आलेल्या प्रत्येक माणसाला हे तुमचं कौतुक सांगत होते आणि मी मोदकांचं ताट धरून ऐकत होते. काका, मामा, चुलत सासरे, सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी.

"मी नाही पाठवला" एवढे तीन शब्द बोलायला तुमची जीभ झडत होती? "असू दे रे" म्हणे!

मला ते वाढायला नको होतं हे खरं. पण वाढलंच आहे, तर माझ्या नावानं वाढू दे ना! माझ्या हातचं यश तुमच्या पदरात कसं पडलं? रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. आक्का म्हणतात मी वाळले. वाळणारच.

करिष्मा

---

शारजा
२६ ऑक्टोबर २००४

करिष्मा,

"मी नाही पाठवला" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न काय आला असता? "मग कुणी आणला आणि का आणला?" तेव्हा तू काय सांगितलं असतंस? तुझ्यासाठी गप्प बसले.

असं मी केसरीनाथना सांगितलं असतं. तुला खरं सांगते. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी गप्प बसले. भाऊ माझं कौतुक करत होता. आपल्या घरातल्या मुलीचं कौतुक कधी कुणी केलंय का? लग्न करून दिली की संपलं. मला ते सोडवेना.

आणि आता ऐक, म्हणजे तुझं अजून जळेल. गोडाउनचा बल्ब उन्हासारखा असतो, म्हणून वाढ झाली. पण निळ्याची सवय असलेल्या कोरलवर तो एकदम लावला असता तर ते आठवड्यात पोळून मेलं असतं. तुझी इच्छा पुरी झाली असती. दुकानात आम्ही नवा बल्ब लावला की पेटीवर जाळीचे पदर टाकतो आणि हळूहळू एकेक काढतो. तू तेच केलंस, आक्काच्या डोळ्यांसाठी. केसरीनाथना मी फक्त कापडाचं सांगितलं, तर म्हणाले, शिकवूनही कुणी इतकं नीट केलं नसतं.

मला तुझा हेवा वाटतो गं. माझं माहेर ते तुझं घर. माझी आई तुझ्या हातचं जेवते. माझा भाऊ तुझ्या डोळ्यांसमोर. आता कोरलही तुझ्याच हातानं वाढलं. मला काय, तर शुक्रवारचा तास. तो मी आपणहून घालवणार नाही. सांगायचं असेल तर तू सांग.

रुचिका

---

वळ
३० नोव्हेंबर २००४

ताई,

सांगितलं. तेही कधी? भाऊबीजेला, भरल्या घरात.

तुम्ही येणार नव्हतात म्हणून यांनी सकाळपासून तोंड पाडलं होतं. दुपारी पाहुणे जमले तेव्हा यांनी मोठ्या कात्रीनं कोरलचा सगळ्यात चांगला फाटा कापला, छोट्या दगडावर चिकटवला आणि सगळ्यांना दाखवत म्हणाले, "ही ताईची ओवाळणी. तिनं वाढवलं, पहिला फाटा तिच्या नावाचा." आक्कांनी डोळे पुसले. चुलत सासऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या हातात करंज्यांचा डबा होता. तो खाली कधी ठेवला आठवत नाही. तोंडातून निघून गेलं, "ताईचा न्हाय! माझा हाय तो बल्ब! आपल्या सात नंबर गोडाउनमधला हाय! विचारा मिथुनला!"

आक्का विचारतात, "काय झालं गो? कोन मेलं?" पाहुणे चपला शोधायला लागले.

सगळे गेल्यावर यांनी विचारलं, "मला तर ताईचा म्हणालीस."

"खोटं बोलले."

"का?"

"वाढू नये म्हणून लावला. मेलं असतं तरी चाललं असतं. मला खोली पाहिजे होती." आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही निघालं. "आणि तुम्ही पाहिजे होतात."

यांनी पेटीवरचं कापड उगाच सारखं केलं. मग म्हणाले, "बोलायचं होतंस." मी म्हटलं, "बोलले होते. किती वेळा बोलले. तुम्ही काचेकडे बघत होतात." तेव्हा माझ्याकडे बघितलं, ताई. नीट बघितलं. भांडताना का होईना, बघितलं.

त्यानंतर चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी सकाळी सुतार आला. पुढच्या खोलीच्या मधोमध प्लायची भिंत उभी राहिली, पेटी तिकडे, रस्त्याचं दार इकडे. फोनही माझ्याच बाजूला आला. आरसा हे स्वतः टेंपोत घेऊन आले, ओरखडा पडू नये म्हणून मांडीवर धरून. प्लायच्या वरून तो गोडाउनचा उजेड माझ्या खुर्चीवर पडतो. थ्रेडिंगला असा उजेड नाही, बाईचा एक केस लपत नाही. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाइकं अंजूरफाटा विसरली.

आणि संध्याकाळी हे विचारतात, "तुला काय वाटतं, कापड अजून ठेवायचं का?" मला विचारतात!

निळ्या बल्बाचं मी अवाक्षर काढलेलं नाही. मी लबाड असेन, पण चहाडखोर नाही. तुमच्या नावाचा फाटाही पेटीत आहे तिथेच आहे. एकदा हात गेला होता काढायला. मागे घेतला.

करिष्मा

---

शारजा
२२ डिसेंबर २००४

करिष्मा,

भाऊबीजेपासून मितेशचा एकही फोन नाही. शुक्रवारी मी भाजी निवडत फोनजवळ बसते. केसरीनाथ म्हणतात, तू कर. मी का करू? आधी तो करत होता.

रागावलाय की विसरलाय ते कळत नाही. रागावला असेल तर बरं, रागवायला माणूस लक्षात असावं लागतं. तुला खोली मिळाली, नवरा मिळाला. मी जळते तुझ्यावर, उघड लिहिते. वाचून फाडून टाक किंवा आरशाला लाव.

रुचिका

---

वळ
१५ जानेवारी २००५

ताई,

तुमचं पत्र आलं तेव्हा एका बाईच्या भुवया अर्ध्या झाल्या होत्या. तिला तसंच बसवून वाचलं. खोटं कशाला बोलू, आधी गोड वाटलं. आता कशी समजली, असं मनात आलं. गल्ल्याजवळ ठेवलं आणि दोन दिवस येता-जाता वाचलं. तिसऱ्या दिवशी ते गोड लागेना.

हे तुमच्यावर रागावलेले नाहीत. लाजलेत. ताईनं न पाठवलेल्या बल्बाचं तिलाच कौतुक ऐकवत बसलो, ती मनात काय म्हणाली असेल, असं आक्कांना सांगत होते. फोनपर्यंत जायचे आणि वायर सरळ करून परत यायचे. मी बघत होते. बघून गप्प होते. दोन महिने गप्प होते, कारण शुक्रवारी हे माझ्याबरोबर गरम गरम जेवत होते.

काल शुक्रवार. मी पार्लर लवकर बंद केलं. तुमचा नंबर फिरवला, घंटा वाजायला लागली तशी रिसीव्हर यांच्या हातात कोंबला आणि म्हटलं, "बोला. ताई आहेत." हे घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी प्लायपलीकडे निघून गेले आणि दार ओढून घेतलं.

दार ओढलं, पण कान प्लायलाच होता. तुमचं काही ऐकू येत नव्हतं, यांचंच येत होतं. आधी अडखळले, मग गुडघ्याचं विचारलं, मग मोकळे झाले. हसले सुद्धा. ते हसणं मला अजूनही बोचतं, पण मी मध्ये गेले नाही, पेटीसमोरच्या त्यांच्या खुर्चीत बसून राहिले. पुढच्या शुक्रवारीही लावून देईन, तुम्ही वाट बघा.

फक्त एक. तासभर बोललात. तासाभरात यांच्या तोंडून माझं नाव दोनदाच निघालं, ताई. एकदा बल्बवरून आणि एकदा चहा मागायला.

करिष्मा